तिकडंच हायस तर

आमच्या घरात युरोपच्या प्रवासाच्या तीन आवृत्त्या आहेत. आबांची वहीतली, आजीची स्वयंपाकघरातली आणि आत्याची रस्त्याच्या कडेची. आत्याला गाडी लागायची, त्यामुळे निम्मा युरोप तिने ओणवं होऊन पाहिला. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांना जे आठवतं ते त्यांनी नंतर फोटोत पाहिलेलं आहे, असं आत्या आजही सगळ्यांसमोर म्हणते आणि बाबा आजही चिडतात.

आबांची वही लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख, गाव, मैल, पेट्रोल, खर्च. वर्णन शून्य. पॅरिस टाळल्याची नोंद 'पॅरिस नको, गर्दी' एवढीच. साल कुठेच लिहिलेलं नाही, पण ते शोधावं लागत नाही. २० जुलैच्या रकान्यात 'मोदेना. तंबू. रात्री टीव्ही. चंद्र.' असं आहे. म्हणजे १९६९.

फोटोतली गाडी पाहून घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अरे, अँबॅसडर नेली होती काय तिकडे?" ती मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेतली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात तयार झालेली. हेच मॉडेल पुढे उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसडर म्हणून काढलं आणि २०१४ पर्यंत काढत राहिले. इंग्लंडमध्ये दहा वर्षांत मोडीत निघायला आलेली ही गाडी आबांनी सेकंडहँड घेतली. तिचं तोंड ओळखीचं वाटलं म्हणून घेतली, असं आजी सांगायची. स्वस्त मिळाली म्हणून घेतली, असं वही सांगते.

निघण्याचं कारण थोरली आई. म्हणजे आबांची आई, माझी पणजी. आमचं गाव साताऱ्याकडचं. त्या पट्ट्यात ज्या घरातून कुणी पलटणीत गेलं नाही असं घर शोधावं लागतं. आबांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे दादाच म्हणतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. जंगी पलटण. १९४३ च्या शरदात ही पलटण आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली, आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या बांधावर दादा गेले. २ मे रोजी इटलीतलं युद्ध संपलं. तीन आठवड्यांचा फरक. गावात तार पोचली तेव्हा युद्ध जिंकल्याच्या साखरेचं वाटप चाललं होतं, असं सांगतात. ही साखर मला जरा जास्त गोड वाटते, पण सांगतात.

आबा दादांपेक्षा सात वर्षांनी लहान. साताऱ्यात बोर्डिंगात राहून शिकले, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि १९६१ ला कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात लागले. थोरल्या आईला विलायत आणि इटली वेगवेगळी असायचं कारण नव्हतं. दोन्ही 'तिकडं'. थोरला तिकडं गेला आणि आला नाही, धाकटा तिकडं गेला आणि पैसे पाठवतो. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला: 'तिकडंच हायस तर दादाला बघून ये.' आबांनी पहिल्या एकदोन पत्रांत अंतर समजावून सांगितलं. मग समजावणं सोडलं आणि गाडी घेतली.

आता आजीची आवृत्ती. तिच्या मते तो प्रवास म्हणजे सतरा दिवसांचा स्वयंपाक. त्याला कारण होतं ब्रिटिश सरकार. पौंडाची अवस्था इतकी वाईट झाली होती की १९६६ पासून परदेशी प्रवासासाठी वर्षाला माणशी पन्नास पौंडच बाहेर नेता येत. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यनही झालं, २.८० डॉलरचा पौंड २.४० वर आला. ही पन्नासाची मर्यादा १९७० च्या तोंडावर उठली, पण तोवर आमचे लोक जाऊन आले होते. पन्नास पौंडांत पेट्रोल घालायचं की पोटात घालायचं, असा प्रश्न होता. म्हणून डिकीत तंबू, त्यावर स्टोव्ह, त्यावर तांदूळ, मुगाची डाळ, तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे, शेंगदाण्याची चटणी, आणि आजीच्या मांडीवर फिरकीचा पितळी तांब्या. वहीत फ्रान्समधला जेवणाचा खर्च फक्त पाव आणि दुधाचा आहे. फ्रान्समध्ये जाऊन कुणी मुगाची खिचडी खाल्ली असेल तर ती आम्ही.

२०२३ च्या सप्टेंबरात आत्या, बाबा आणि मी त्याच वाटेने निघालो. आत्या इंग्लंडातच राहिली, बाकीचे १९७४ ला पुण्याला परतले. गाडी आत्याची, जपानी, आपोआप गिअर बदलणारी. तांब्या मी पुण्याहून घेऊन गेले. विमानतळावर तो उघडून दाखवावा लागला. "आत काही नाही," म्हटलं. "मग नेताय कशाला?" असा रास्त प्रश्न आला.

आबांना कॅलेला फ्रेंच पोलिसांनी थांबवलं होतं, बासेलला स्विस, कियासोला इटालियन. त्यांच्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून असा शिक्का होता. ते पान उघडलं की अधिकारी आधी ते वाचत आणि मग आजीच्या नऊवारीकडे बघत. आम्हाला डोव्हर सोडायच्या आधीच, इंग्लंडच्याच जमिनीवर, फ्रेंच पोलिसांनी तपासलं. त्यानंतर थेट फोर्लीपर्यंत कुणी पासपोर्ट विचारला नाही. गंमत म्हणजे ब्रेक्झिटनंतरच्या त्या दिवसांत आत्याच्या ब्रिटिश पासपोर्टवरही शिक्का बसत होता. माझ्या भारतीय पासपोर्टशेजारी तिचा शिक्का पाहून तिला फार राग आला आणि मला फार बरं वाटलं.

उत्तर फ्रान्समधून जाताना बेथ्यूनची पाटी दिसली. तिथून जवळच न्यूव्ह शापेल आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि थडगं नसलेल्या चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं तिथल्या गोल भिंतीवर आहेत. आबा त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरून गेले आणि त्यांना ते माहीत नव्हतं. वहीत त्या दिवशी 'पाऊस. वायपर बिघडला' आहे.

आता घाट. आमच्या घरात आल्प्सला आल्प्स कुणी म्हणत नाही, 'गॉटहार्डचा घाट' म्हणतात. १९६९ मध्ये गॉटहार्डखालून मोटारींचा बोगदा नव्हता, तो १९८० ला झाला. गाडी रेल्वेवर चढवून डोंगराखालून न्यायची सोय होती, पण तिला पैसे पडत. घाट फुकट. २,१०६ मीटर उंची, आणि गाडीत दोन मोठी, दोन लहान, एक तंबू आणि अर्धं किराणा दुकान.

गाडी तापली, हे तिन्ही आवृत्त्यांना मान्य आहे. कुठे, यावर चोपन्न वर्षं भांडण होतं. आत्या म्हणते, त्रेमोलाच्या दगडी वळणांवर. चोवीस वळणं तिने मोजली आणि प्रत्येकाला तिचं पोट वर आलं. बाबा म्हणतात, सैतानाच्या पुलापाशी. हा पूल शेलेनेनच्या दरीत आहे. गावकऱ्यांनी तो सैतानाकडून बांधून घेतला, मजुरी म्हणून पूल ओलांडणारा पहिला जीव द्यायचं कबूल केलं आणि ऐन वेळी बोकड पुढे सोडला, अशी तिथली कथा. असा व्यवहार आमच्या गावातही झाला असता.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात, १० सप्टेंबरला, बोगद्याच्या छताचा काँक्रीटचा तुकडा पडला आणि बोगदा १५ तारखेपर्यंत बंद राहिला. उत्तरेकडून इटलीला निघालेल्या सगळ्या मोटारी घाटावर आल्या. बाकीचे लोक घड्याळं बघत होते. आमच्या गाडीत खटला चालू होता.

निकाल रस्त्यानेच दिला. उत्तरेकडून येताना शेलेनेनची दरी चढावर लागते. त्रेमोलाची वळणं माथा ओलांडल्यावर, दक्षिणेच्या उतारावर आहेत. उतारावर गाडीचं पाणी उकळत नाही, उतारावर ब्रेक तापतात. म्हणजे पुलापाशी रेडिएटर उकळला, आबांनी पंचा गुंडाळून झाकण सोडलं आणि आजीने तांब्याची फिरकी उघडली. आणि त्रेमोलावर आत्याला आला तो वास ब्रेकचा. बाबा जिंकले, पण आत्याही हरली नाही. आजीची तक्रार मात्र वेगळी होती. तो तांब्या पिण्याच्या पाण्याचा होता आणि पुढचे दोन तास मुलं पाणी पाणी करत होती, हे तिने आबांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. वहीत या सगळ्याला एक ओळ आहे: 'पसरणीच्या घाटासारखाच. खाली वाई नाही.'

मोदेनाच्या तंबूतली रात्र आत्याला लख्ख आठवते. बारमध्ये अख्खी छावणी टीव्हीसमोर, आणि पडद्यावर दोन माणसं एकमेकांवर ओरडतायत. ही तिची कल्पना असावी असं मला वाटायचं. चंद्रावर माणूस उतरताना भांडेल कोण? पण ते भांडण झालं होतं आणि इटलीत ते प्रसिद्ध आहे. रोमच्या स्टुडिओतून तीतो स्तान्यो यांनी यान टेकल्याचं जाहीर केलं, ह्यूस्टनहून रुज्जेरो ओर्लांदो म्हणाले, अजून नाही, आणि दोघांची जुंपली. त्या गडबडीत प्रत्यक्ष यान कधी टेकलं ते बऱ्याच जणांना कळलंच नाही. आजीचा त्या रात्रीवरचा शेरा असा, की चंद्रावर गेले ते गेले, दोरीवरच्या साड्या दवाने भिजल्या त्याचं काय.

इथे आम्ही आबांची वाट सोडली. त्याला कारण दादांचं एक पत्र, किंवा पत्राची आठवण, कारण पत्र आता नाही. गावात ते वाचून दाखवलं गेलं होतं. दादांनी लिहिलं होतं की आमचा मुक्काम एका राजवाड्यात आहे आणि भिंतीला देवींच्या मोठाल्या तसबिरी टेकवून ठेवल्यात, माणसाहून मोठ्या. गावात यावर वर्षानुवर्षं हसले. लढाईत माणूस खंदकात झोपतो, दादा राजवाड्यात झोपायचे. फुशारकी मारणाऱ्याला आमच्याकडे अजून 'काय रे, राजवाड्यात मुक्काम का?' असं विचारतात. आबांचाही यावर विश्वास नव्हता, आणि म्हणून १९६९ मध्ये ते तिकडे वळले नाहीत.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला, वीसेक किलोमीटरवर, मोंतेगुफोनीचा वाडा आहे. युद्धाच्या काळात मालकी इंग्लंडच्या सिटवेल घराण्याची. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी उफ्फीत्सी आणि इतर संग्रहालयांतली चित्रं फ्लॉरेन्सबाहेरच्या अशा वाड्यांत हलवली होती. १९४४ च्या जुलैअखेरीस मराठा पलटण या वाड्यात उतरली. तिला भेटायला स्कॉटिश लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड वॉन-टॉमस आले, आणि खोल्यांतून हिंडताना त्यांच्या लक्षात आलं की भिंतीला टेकवलेली ही चित्रं नकला नाहीत. जोत्तोची मॅडोना होती. चिमाबुएची होती. आणि बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', दोन मीटरहून उंच आणि तीन मीटरहून रुंद, फुलांच्या बागेत उभ्या असलेल्या देवींचं. तोफा जवळच चालू होत्या. मग खोल्यांना पहारा बसला, मराठा शिपायांचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, तरी मी बाबांना उठवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आबांना सांगायला पाहिजे होतं." आबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

वाड्यात आता भाड्याने राहता येतं. अंगणात लिंबाच्या कुंड्या, मधोमध उंच मनोरा. आम्ही एक रात्र राहिलो. दादा नेमक्या कुठल्या खोलीत झोपले ते कळायचा मार्ग नाही, आणि पलटणीतला प्रत्येक जण आतच झोपला असेल असंही नाही. पण तसबिरी होत्या, माणसाहून मोठ्या होत्या आणि भिंतीला टेकवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उफ्फीत्सीत 'प्रिमावेरा'समोरच्या गर्दीत आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "काय रे, राजवाड्यात मुक्काम का?" आजूबाजूच्या जपानी पर्यटकांनी तिचा फोटो काढला.

तिथेच दादांची दुसरी गोष्ट तपासावी असं मला वाटलं, आणि ती टिकली नाही. शिपाई नामदेव जाधव याच पलटणीचे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओच्या पूर्वेच्या बांधावर त्यांनी सुरुंगांतून जखमींना पाठीवर आणलं, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १९८४ पर्यंत ते हयात होते. आमच्या गावात सांगतात की त्यांनी आणलेल्या जखमींत एक दादा होते. तारखा जुळतात, नदी जुळते, पलटण जुळते. त्यापुढे काहीच जुळत नाही. गावाने ज्या गोष्टीला हसून सोडून दिलं ती खरी निघाली, आणि जिच्यावर दर वर्षी पंधरा ऑगस्टला भाषण होतं तिला आधार नाही. मी गावात अजून हे बोलले नाही. बोलणारही नाही बहुतेक.

फ्लॉरेन्सहून फोर्लीला जुना रस्ता मुराल्योनेच्या घाटावरून जातो. आबा आले होते पलीकडून, बोलोन्याकडून, रोमन लोकांनी आखलेल्या सरळसोट व्हिया एमिलियावरून. टोलचा रस्ता झाला होता, पण टोल. त्या वाटेवर कास्तेल बोलोन्येझेजवळ सेनिओ ओलांडावी लागते. ती पाहायला आम्ही फोर्लीहून मागे गेलो. नदी केवढी, तर आमच्या उरमोडीपेक्षा लहान. पण दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, पुरासाठी घातलेले. जर्मनांनी ते आतून पोखरून ठाणी केली होती आणि त्या हिवाळ्यात आघाडी इथेच अडून पडली. त्याच वर्षी, २०२३ च्या मेमध्ये, या मुलखात मोठे पूर आले होते. फोर्लीत काही घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ सप्टेंबरातही दिसत होती. बाबा बांधावर चढले, उतरले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी?" आत्या काही बोलली नाही.

हिंदी सैन्याची वेगळी स्मशानभूमी फोर्लीच्या कडेला आहे. ज्यांचं दफन झालं त्यांचे दगड. ज्यांचं दहन झालं, हिंदू आणि शीख, त्यांची नावं स्मारकावर, साडेसातशेहून अधिक. अशी दहनस्मारकं इटलीत तीन आहेत: सांग्रो नदीकाठी, रिमिनीला आणि इथे. दादांचं नाव सापडायला दहा मिनिटं लागली. आडनावाचं स्पेलिंग आम्ही लिहितो तसं नाही, भरतीच्या वेळी कुणा कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं.

भिंतीत एक छोटं लोखंडी दार असतं. आत नोंदवही. त्यात प्रत्येकाची एक ओळ: नंबर, हुद्दा, पलटण, तारीख, मग अमुक आणि अमुक यांचा मुलगा, गाव, जिल्हा सातारा. १९६९ मध्ये आबांनी ही ओळ वहीत उतरवून घेतली होती, इंग्रजीत, अक्षर न अक्षर. सबंध वहीत आबांची स्वतःची नसलेली ही एकच ओळ. तिच्याखाली पुन्हा हिशेब आहे: 'फुले ३०० लिरा.' तेव्हा पौंडाला पंधराशे लिरा मिळत. म्हणजे चार शिलिंग, पुऱ्यांवर भागवलेल्या प्रवासात.

पुढच्या वर्षी आबा गावी गेले. आत्या बरोबर होती, म्हणून ही गोष्ट तिची. थोरली आई ओट्यावर बसली होती. आबांनी वही काढून ती ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. तिने पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "माजं नाव कुनी घातलं त्यात?"

"सरकारनं."

"कंच्या?"

आबांना उत्तर सुचलं नाही. तिने आणखी एक प्रश्न विचारला, की तिकडं पीक काय घेतात. आबा म्हणाले, द्राक्षं आणि पीच. पीच म्हणजे काय ते सांगायला थोडा वेळ गेला. त्यानंतरच्या पत्रांतून ती शेवटची ओळ गेली.

आत्याने नोंदवहीतली ओळ बोट ठेवून वाचली. वडिलांचं नाव आधी, मग थोरल्या आईचं. तांब्यात आम्ही फोर्लीतल्या दुकानातून पाणी भरून आणलं होतं, ते स्मारकाच्या पायाशी घातलं. बाबांना तो विधी वाटला, आत्याला नाही. ती म्हणाली, आईने याच तांब्यातलं पाणी गाडीला दिलं, दादांना द्यायचं राहिलं होतं.

दाराच्या आत भेट देणाऱ्यांचीही वही असते. आबांच्या सहीची वही तिथे नव्हती, भरलेल्या वह्या काढून नेतात. चालू वहीत बहुतेकांनी शेऱ्याच्या रकान्यात 'शांती लाभो' असं आपापल्या भाषेत लिहिलेलं. आत्याने तारीख घातली, गाव म्हणून साताऱ्याकडचं गाव लिहिलं, आणि शेऱ्यात मराठीत लिहिलं: 'दुसरी खेप. पहिली २१ जुलै १९६९.'